बारा ओळींचा खुलासा

विचारलेलं थोडक्यात असं. पत्रकारितेचा अभ्यासक्रम संपत आलाय आणि नागपुरातल्या एका दैनिकानं मुलाखतीला बोलावलंय. येताना 'एखाद्या बातमीवरचं तुमचं सर्वोत्तम लिखाण' आणायचं आणि ते सर्वोत्तम का, हे पाचशे शब्दांत लिहून द्यायचं. हाताशी दोन गोष्टी आहेत. एक नाग नदीवरचा तीन हजार शब्दांचा लेख, त्याला कॉलेजात बक्षीस मिळालंय. दुसरी घराजवळच्या हललेल्या बसथांब्याची दीडशे शब्दांची बातमी. कोणतं नेऊ? आणि शेवटी एक खोचक ओळ: सर, तुम्ही स्वतः कोणतं नेलं असतं?

शेवटच्या ओळीचं उत्तर आधी देतो, तुझ्या पहिल्या प्रश्नाचं त्यातून बरंचसं निघेल. मी बारा ओळींचा एक खुलासा, म्हणजे आधी छापलेल्या चुकीची दुरुस्ती, नेला असता. एक कॉलम, आतलं पान, खालचा कोपरा. त्यावर माझं नाव नाही. खुलाशावर कुणाचंच नसतं.

उगाच नम्रपणा म्हणून सांगत नाही. या शहरात बातम्या लिहायला लागून बत्तीस वर्षं झाली. कात्रणांची ट्रंक माळ्यावर आहे. तुझा प्रश्न आल्यावर ती खाली काढली आणि अर्धा दिवस खाली बसून वाचत राहिलो. बायको म्हणाली, रद्दीवाल्याला थांबवून ठेवू का? स्वतःचं जुनं लिखाण वाचायचं म्हणजे लग्नाच्या अल्बममधले आपलेच कपडे बघण्यासारखं असतं. त्या वेळी हेच शोभतंय असं वाटलं होतं, यावर विश्वास बसत नाही.

लोकांना विचारलं तर ते वेगळंच सांगतील. माझं सगळ्यात गाजलेलं लिखाण आहे २०२३ च्या पुराचं. २२ सप्टेंबरच्या मध्यरात्रीनंतर जो पाऊस कोसळला, त्यानं अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी पात्राबाहेर आली आणि पहाटे अंबाझरी लेआऊट, कॉर्पोरेशन कॉलनी या भागातली माणसं जागी झाली ती घरात शिरलेल्या पाण्यानं. आमचं घरही त्याच पट्ट्यात. जिन्यात बसून मोबाइलवर नऊशे शब्द लिहिले आणि पाठवले. संध्याकाळपर्यंत तो मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर इतका फिरला की पुण्याच्या मावशीनं तोच मला पाठवला आणि खाली लिहिलं, 'कुणी लिहिलंय माहीत नाही, पण वाच.'

परवा तो पुन्हा वाचला आणि पेन्सिल घेऊन 'मी' आणि 'माझं' मोजलं. एकतीस वेळा. माझा फ्रिज, माझी पुस्तकं, माझा जिना. त्यात एक वाक्य आहे: 'पाण्याने गरीब-श्रीमंत असा भेद केला नाही.' हे वाक्य प्रत्येक पुरात कुणीतरी लिहितं. पाणी भेद करत नसेल, पण पाणी ओसरल्यावर लगेच भेद सुरू होतो. माझ्या गाडीचा विमा होता, कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीचा नव्हता. नंतर सरकारनं मदत जाहीर केली त्यातही दुकान आणि टपरी यांचे आकडे वेगवेगळे होते. सरकारला जे कळलं ते मला नऊशे शब्दांत कळलं नव्हतं. लेख वाईट नाही. पण बातमी पुराची होती आणि मी लिहिलं माझ्यावर.

दुसरी एक बातमी मला आवडते, ती जवळजवळ न लिहिलेली आहे. ३० मे २०२४ ला रामदासपेठेतल्या स्वयंचलित हवामान केंद्रावर ५६ अंश तापमानाची नोंद दिसली. सोनेगावच्या केंद्रावर ५४. नागपूरकर उन्हाच्या बाबतीत थोडा गर्विष्ठ असतो. आकडा फोनाफोनी होऊन अर्ध्या तासात गावभर झाला. आमच्या डेस्कवरच्या एका पोरानं मात्र शहरातल्या आणि रामटेकच्या इतर केंद्रांवर बघितलं. तिथे ४४ च्या आसपास. शहराचा जुना उच्चांक २३ मे २०१३ चा, ४७.९. म्हणजे एकाच दुपारी एकाच गावात बारा अंशांचा फरक. आम्ही चार ओळी छापल्या: दोन केंद्रांवरच्या नोंदी संशयास्पद, हवामान खाते तपासत आहे. सेन्सर बिघडले होते हे नंतर खात्यानंच सांगितलं. पण ते कौतुक त्या पोराचं. मुलाखतीत ते मी माझं म्हणून नेऊ शकत नाही.

आता खुलाशाकडे येतो. त्यासाठी १९९४ पासून सांगावं लागेल.

२३ नोव्हेंबर १९९४. हिवाळी अधिवेशन सुरू होतं. गोवारी समाजाचा मोर्चा विधान भवनाकडे आला आणि मॉरिस कॉलेजच्या टी पॉइंटवर अडवला गेला. दिवसभर माणसं तिथेच बसून होती. संध्याकाळी लाठीमार झाला, चेंगराचेंगरी झाली आणि ११४ जण गेले. त्यात बायका आणि लेकरं जास्त होती. आदिवासी विकास मंत्री मधुकर पिचड यांनी राजीनामा दिला. सीताबर्डीचा उड्डाणपूल आज आदिवासी गोवारी शहीद या नावानं ओळखला जातो. रोज त्यावरून जाणाऱ्या तुझ्या वयाच्या किती पोरांना हे माहीत आहे, कोण जाणे.

मी तेव्हा नोकरीला लागून जेमतेम दीड वर्ष झालेला वार्ताहर. मोर्चाच्या बीटवर नव्हतो, म्हणजे त्याच्या बातम्या देण्याचं काम माझ्याकडे नव्हतं. तिसऱ्या दिवशी पुरवणीसाठी लेख मागितला, तो मी एका बैठकीत लिहिला. त्यात रस्त्यावर उरलेल्या चपलांचं वर्णन होतं. 'पाय गेले, चपला राहिल्या' असं काहीतरी. संपादकांनी केबिनमध्ये बोलावून पाठ थोपटली, चहा पाजला. पुढची कितीतरी वर्षं माझी ओळख करून देताना लोक 'तो चपलांचा लेख लिहिणारा' असंच म्हणत.

त्या चपला मी बघितल्याच नव्हत्या. आमचा फोटोग्राफर कँटीनमध्ये बोलला, ते मी उचललं. उचललं याचंही फारसं वाईट वाटत नाही, वार्ताहर ऐकूनच लिहितो. पण 'फोटोग्राफरने सांगितले' असं न म्हणता मी तिथे उभा असल्यासारखं लिहिलं. आणि परवा वाचताना जे दिसलं ते त्याहून मोठं होतं. चौदाशे शब्दांच्या त्या लेखात अश्रू आहेत, आक्रोश आहे, लाल दिव्याची गाडी आहे, 'सत्तेचा माज' आहे. 'गोंड गोवारी' हे दोन शब्द एकदाही नाहीत. ज्या नावासाठी ती माणसं भंडारा-गोंदियापासून चालत, एसटीनं, ट्रकमधून आली होती, ते नाव माझ्या लेखात नाही. ती का आली होती हे मला धड ठाऊक नव्हतं आणि ते मी कुणाला विचारलंही नव्हतं.

गोष्ट अशी आहे. अनुसूचित जमातींच्या महाराष्ट्राच्या यादीत अठरावी नोंद गोंडांची. त्या नोंदीच्या पोटात बरीच नावं आहेत, त्यातलं अठ्ठाविसावं 'गोंड गोवारी'. विदर्भात पिढ्यान्‌पिढ्या गावची गुरं राखणारा, दिवाळीत गायगोधन, म्हणजे गुरांची पूजा, करणारा जो समाज आहे तो स्वतःला 'गोवारी' म्हणतो. १९८५ च्या शासन निर्णयानं हे दोन वेगळे धरले. गोंड गोवारी जमातीत, नुसते गोवारी बाहेर. समाजाचं म्हणणं, आम्हीच ते. दुसरे गोंड गोवारी असतील तर दाखवा कुठे आहेत. मोर्चा याच्यासाठी होता. पुढे राज्यानं विशेष मागास प्रवर्ग तयार केला आणि गोवारींना त्यात घातलं, पण मूळ भांडण तसंच राहिलं.

नागपुरात ज्यानं न्यायालयाचं बीट केलंय त्याला असल्या शब्दांची भीती वाटायला हवी. हलबा आणि हलबा कोष्टी, धनगर आणि धनगड: यादीत एक नाव, समाजाचं दुसरं. एका अक्षरावर नोकऱ्या जातात, निवडून आलेल्यांचं पद जातं. आमच्या डेस्कवर शुद्धलेखनाची यादी भिंतीला चिकटवलेली होती. तिच्यात 'ऊन' की 'ऊन्ह' यावर मोठी चर्चा झालेली मला आठवते. या नावांची यादी मात्र कुणीच केली नव्हती, मीही नाही.

१४ ऑगस्ट २०१८ ला उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाचा निकाल आला. न्यायालयाचं म्हणणं असं होतं की गोंड गोवारी नावाची वेगळी जमात १९११ च्या आधीच नामशेष झाली. १९५६ मध्ये हे नाव यादीत आलं तेव्हा अशी जमात अस्तित्वातच नव्हती, त्या नावानं दाखवला गेला तो गोवारी समाजच. म्हणून गोवारींना जमातीचे लाभ नाकारता येत नाहीत. चोवीस वर्षांनी हा निकाल आला होता.

मी सातशे शब्द लिहिले. या वेळी ठरवून लिहिले, चपला वगैरे काही नाही. पहिला परिच्छेद निकालाचा, दुसरा यादीचा, तिसऱ्यात 'गोवारी' आणि 'गोंड गोवारी' यांच्यातलं अंतर समजावून सांगितलं. लिहून झाल्यावर मोठ्यानं वाचलं. आमच्या हाताखालच्या शिकाऊ मुलीला विचारलं, काय कळलं? तिनं बरोबर सांगितलं. मथळा दिला 'अखेर न्याय'. साडेनऊला घरी गेलो आणि जेवून झोपलो. आयुष्यातली सगळ्यात चांगली बातमी आज लिहिली, असं तेव्हा खरंच वाटलं.

सकाळी पेपर उघडला. पहिल्या पानावर, बायलाइनसह, म्हणजे माझ्या नावानिशी. आणि बातमीभर 'गोवारी' हा शब्द एकटा कुठेच नाही. रात्री डेस्कवर कुणाला तरी वाटलं की एकाच बातमीत कधी 'गोवारी', कधी 'गोंड गोवारी' हे बरं दिसत नाही, एकसारखं हवं. त्यानं सगळीकडे 'गोंड-गोवारी' करून टाकलं, मध्ये आडवी रेघ घालून. माझा तिसरा परिच्छेद छापून आला तो असा: 'गोंड-गोवारी आणि गोंड-गोवारी हे एकच की वेगळे, हा वाद होता. गोंड-गोवारी म्हणजेच गोंड-गोवारी, असे न्यायालयाने म्हटले आहे.'

पहिल्यांदा हसू आलं, खोटं कशाला बोलू. मग पोटात गोळा आला.

त्या दिवशी स्वातंत्र्यदिन, ऑफिसला सुट्टी. म्हणजे सोळाला अंक निघणार नाही. चूक दुरुस्त व्हायची तर सतराला. दोन दिवस ते पान तसंच राहणार आणि ज्यांची बातमी आहे ते लोक दुसरा अंक नाही म्हणून तेच कापून जपून ठेवणार.

सोळाला दुपारी ऑफिसात गेलो आणि दोनशे वीस शब्दांची चौकट लिहिली. तिसऱ्या पानावर दोन कॉलमची जागा कबूल करून घेतली. तिच्यात इतिहास होता, न्यायालयाचा तर्क होता, आणि एक वाक्य असं: 'वार्ताहराने दिलेल्या मूळ प्रतीत हे शब्द अचूक होते.' ते वाक्य मी सगळ्यात आधी लिहिलं होतं, हे आज सांगायला हरकत नाही.

संध्याकाळी पाच वाजून गेल्यावर दिल्लीहून बातमी आली, अटलबिहारी वाजपेयी गेले. वृत्तपत्राच्या ऑफिसात अशा वेळी काय होतं ते तू लवकरच बघशील. लावलेली सगळी पानं मोडली. जुने फोटो, कविता, त्यांच्या नागपूरच्या सभांच्या आठवणी, फोन, श्रद्धांजल्या. माझी चौकट कुठे गेली हे विचारायचीही सोय नव्हती. दहाच्या सुमारास रात्रपाळीचे मुख्य उपसंपादक मान वर न करता म्हणाले, "बारा ओळी देतो, एक कॉलम. नाही तर परवा बघू." परवा म्हणजे कधीच नाही, हे दोघांनाही माहीत होतं.

दोनशे वीस शब्दांचे पन्नास करायचे, आणि वीस मिनिटांत. पहिल्यांदा इतिहास गेला. मग विशेषणं गेली. 'बहुचर्चित', 'दीर्घ लढ्यानंतर', 'ऐतिहासिक'. निकालाचा तर्क गेला, तो बारा ओळींत बसतच नव्हता. तरी चार ओळी जास्त होत होत्या. उरलं होतं ते माझं मूळ प्रतीचं वाक्य. त्याच्यावर कर्सर ठेवून मी बराच वेळ बसलो. ज्यानं रेघ घातली तो पोरगा दोन टेबलांपलीकडे वाजपेयींच्या कवितेचं प्रूफ वाचत होता. वाक्य काढलं. त्याच्यावर दया आली म्हणून नव्हे, जागा हवी होती म्हणून. मनातला हेतू काही फार थोर नव्हता, एवढंच सांगायचंय.

छापलं ते असं:

'१५ ऑगस्टच्या अंकातील निकालाच्या बातमीत "गोवारी" हा शब्द सर्वत्र "गोंड-गोवारी" असा छापला गेला. ते चूक आहे. अनुसूचित जमातींच्या यादीत नाव आहे ते "गोंड गोवारी". १९९४ च्या मोर्चात मेलेले ११४ जण गोवारी होते. यादीतला शब्द त्यांनाच लागू होतो का, हा वाद होता. लागू होतो, असे उच्च न्यायालयाने म्हटले आहे.'

मूळ बातमीत तीन परिच्छेद घेऊन मी जे समजावलं होतं ते इथे सहा वाक्यांत आलं. १९९४ च्या लेखात जे नव्हतंच तेही आलं. माणसं कोण होती आणि कशासाठी आली होती. हे माझ्या हुशारीनं झालं असं म्हणवत नाही. जागा नव्हती म्हणून झालं. जागा असती तर मी नक्की बिघडवलं असतं, दोनशे वीस शब्दांची ती चौकट अजून माझ्याकडे आहे आणि ती बिघडलेलीच आहे.

त्याच वर्षी २३ नोव्हेंबरला गोवारींच्या स्मारकावर गेलो. दरवर्षी लोक येतात तिथे. फुलं वाहतात, भाषणं होतात. भंडाऱ्याकडचा एक माणूस, पन्नाशीचा असेल, प्लास्टिकच्या फाइलमधून कागद काढून कुणाला तरी दाखवत होता. शाळा सोडल्याचा दाखला, आजोबांच्या नावाचा महसुली उतारा, आणि त्या दोन्हींच्या मध्ये आमचा खुलासा. झेरॉक्स नव्हे, मूळ कात्रण. मी म्हटलं, भाऊ, पहिल्या पानावर मोठी बातमी आली होती ना, ती नाही ठेवली? तो म्हणाला, "ठेवली नं जी. पोट्ट्यानं फ्रेम केली थे, घरी टांगून हाये. पन हे बारकं कामाचं हाये. हे कोनालेई दाखोता येते."

मग मी ओळख दिली. तो खूश होईल असं वाटलं होतं. त्यानं कात्रण डोळ्यांजवळ नेलं आणि बोट ठेवून म्हणाला, "हे 'मेलेले' काहून लिवलं? शहीद लिवा लागत होतं."

या एका शब्दावर मी अजून अडकलेलो आहे. 'शहीद' हा समाजाचा शब्द, स्मारकावरचा शब्द. 'मृत' हा पोलिसांच्या कागदावरचा. 'मृत्युमुखी पडलेले' हा आम्हा वर्तमानपत्रवाल्यांचा, आणि तो मला कधीच आवडला नाही. जणू मृत्यू तोंड उघडून रस्त्यात बसला होता आणि माणसं चालता चालता आत पडली. 'मेलेले' मी निवडला तो साधा म्हणून, आणि जागा वाचते म्हणूनही. त्या माणसाला तो अपमान वाटला. शिवाय मराठीत माणसाबद्दल आदरानं बोलताना आपण 'वारले', 'गेले' म्हणतो, 'मेले' म्हणत नाही, हे मला त्या रात्री सुचायला हवं होतं. आज लिहिलं तर 'गेलेले' लिहीन की 'मारले गेलेले'? दुसऱ्यात कुणी मारलं हा प्रश्न येतो, आणि त्याचं उत्तर बारा ओळींत देता येत नाही. माझं सर्वोत्तम लिखाण असं आहे, एका शब्दावर अजूनही लंगडतं.

तरीही ते सर्वोत्तम का म्हणतो, तर १८ डिसेंबर २०२० मुळे. त्या दिवशी सर्वोच्च न्यायालयानं उच्च न्यायालयाचा निकाल रद्द केला. यादीतला शब्द जसा आहे तसाच वाचायचा, त्यात कोण बसतं याचा शोध न्यायालयांनी घ्यायचा नाही, बदल करायचा तर तो संसदेनं. २००० साली हलबा कोष्टींच्या प्रकरणात घटनापीठानं जे सांगितलं होतं त्याच वाटेनं हा निकाल गेला. गोवारी आणि गोंड गोवारी वेगळे ठरले. मधल्या अठ्ठावीस महिन्यांत ज्यांनी दाखल्यावर प्रवेश किंवा नोकऱ्या मिळवल्या, त्यांना मात्र संरक्षण दिलं.

कोरोनाचे दिवस होते, घरूनच बातमी लिहिली. लिहून झाल्यावर जुनी फाइल उघडली. 'अखेर न्याय.' त्या मथळ्यातला 'अखेर' अठ्ठावीस महिने टिकला. भंडाऱ्याकडच्या कुठल्याशा घरात तो फ्रेममध्ये टांगलेला असणार, आणि त्या संध्याकाळी त्या घरातल्या माणसांनी त्याच्याकडे बघितलं असणार. 'अखेर' हा शब्द त्यानंतर मी मथळ्यात वापरलेला नाही. डेस्कवर कुणी दिला तरी बदलायला लावतो, आणि पोरं मागे हसतात ते मला माहीत आहे.

मग खुलासा वाचला. 'लागू होतो, असे उच्च न्यायालयाने म्हटले आहे.' म्हटलंच होतं. सहाच्या सहा वाक्यं निकाल उलटल्यावरही खरी होती. एकही खोडावं लागलं नाही. बत्तीस वर्षांच्या ट्रंकेत असं कात्रण मला दुसरं सापडलं नाही. म्हणून ते नेलं असतं.

आता तुझं. दोन्ही मजकूर तू सोबत पाठवलेस, दोनदा वाचले.

तुला एक काम सांगतो, आम्ही पूर्वी नव्या पोरांकडून करून घ्यायचो. दोन्हींचा प्रिंट काढ आणि पेन्सिल घे. जे तू डोळ्यांनी बघितलंस त्याच्याखाली सरळ रेघ, जे कुणी तुला सांगितलं त्याच्याखाली तुटक रेघ. जे दोन्हीत बसत नाही ते तसंच सोडून दे आणि मग लांबून कागदाकडे बघ. नाग नदीच्या लेखाचं पहिलं पान जवळजवळ कोरं राहील. 'नाग नदी आज अश्रू ढाळत आहे' याच्याखाली तू कोणती रेघ मारशील? चार तज्ज्ञ बोललेत, चौघंही फोनवर, आणि चौघं तेच बोललेत. नदीकाठी राहणारं एकही माणूस त्यात नाही. बक्षीस मिळालं याचा आनंद आहे, मेहनत दिसतेच. पण मुलाखत घेणारा माणूस असले लेख आठवड्याला चार वाचतो, आणि त्यातल्या तीन नद्या रडत असतात.

बसथांब्याची बातमी ने.

तिच्यात तू ३४० पावलं मोजलीस. जुन्या थांब्यापासून नव्यापर्यंत, उन्हात, त्या आजींच्या बरोबरीनं चालत. हे मोजायला तुला कुणी सांगितलं नव्हतं, आणि ते तज्ज्ञाला फोन करूनही कळलं नसतं. आजी म्हणतात, "थांबा हलला, पन मले कोनी सांगतलं नाई." ते तू तसंच ठेवलंस, प्रमाण मराठीत धुऊन काढलं नाहीस, हेही चांगलं केलंस. पाचशे शब्दांत ही बातमी किती छान आहे ते लिहू नकोस. ती लिहिताना काय काढलंस ते लिही. तुझा पहिला खर्डा साडेचारशे शब्दांचा होता असं तू कळवलंयस, मग तीनशे शब्द गेले कुठे? कोणते जाताना जिवावर आलं? मी मुलाखत घेत असतो तर मला तेवढंच ऐकायचं असतं. मुलाखतीला कात्रण मूळ ने, प्रिंट नको. कागद पिवळा पडला असला तरी चालेल. भोवती दुसऱ्या कोणत्या बातम्या होत्या, किती जागा मिळाली होती, हे समोरच्याला दिसू दे.

आणि जायच्या आधी एक तपास. पहिल्या परिच्छेदात नवा थांबा रस्त्याच्या डाव्या हाताला आहे, औषधाच्या दुकानासमोर. शेवटच्या परिच्छेदात आजी रस्ता ओलांडून उजवीकडे जातात आणि तिथे बसमध्ये चढतात. औषधाचं दुकान तेच. तू कोणत्या बाजूला उभी होतीस?